अनंतरावांचे तीनशे घोडेस्वार

परभणीच्या अनंतरावांना मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात लढाईची मुळीच हौस नव्हती. विद्यापीठातल्या माती तपासणीच्या नोकरीतून ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी बायको गेली. मुलगी योगिनी पुण्याला. सुट्टीला आली असताना तिने हा खेळ त्यांच्या फोनवर घालून दिला. त्यात पस्तीस जणांची एक टोळी होती. टोळीतले लोक रोज सकाळी एकमेकांना रामराम घालत. अनंतराव त्याखाली ‘आज उपमा केला’, ‘आज वरणफळं केली’ असं लिहीत. कोणीतरी अंगठा दाखवी. तेवढ्यासाठी त्यांनी किल्ला बांधला होता आणि तीनशे घोडेस्वार पोसले होते.

शिपायांनी कसं वागायचं हे खेळात ठरवून द्यावं लागे. आक्रमक, बचावात्मक किंवा जागेवर उभे. अनंतरावांचे कायम बचावात्मक. कोणी अंगावर आलं तरच लढायचं. पण एका रविवारी भाच्याच्या लग्नाला गंगाखेडला जायचं होतं. दिवसभर किल्ल्याकडे बघायला कोणी नाही, तेव्हा शिपाई जरा जागरूक असलेले बरे, म्हणून त्यांनी ‘आक्रमक’ निवडलं, फोन पिशवीत टाकला आणि एसटीत बसले.

आक्रमक शिपाई नजरेच्या टप्प्यात जो येईल त्याच्या मागे धावतात. दुपारी शत्रूचा एक टेहळ्या किल्ल्यासमोरून गेला. या शत्रूशी टोळीने आदल्याच दिवशी तह केला होता. तीनशे घोडेस्वार टेहळ्याच्या मागे लागले, तो पळत आपल्या किल्ल्यात शिरला, हेही मागोमाग शिरले आणि धान्याचं कोठार पेटवून बसले. शत्रूच्या टोळीला वाटलं, तह मोडला. त्यांनी सगळं सैन्य सोडलं. तासाभरात अकरा किल्ले जळाले. त्यात टोळीप्रमुख महारुद्रचा, तीन वर्षं खपून उभा केलेला किल्लाही गेला.

परतताना गंगाखेडच्या स्टँडवर अनंतरावांनी फोन काढला. एकशे बेचाळीस निरोप होते. त्यांना भरून आलं. एवढी विचारपूस बायको गेली तेव्हाही झाली नव्हती. मग त्यांनी ते वाचायला घेतले.

एसटीत महारुद्रचा फोन आला.

“काका, तह कामून मोडलाव?”

“मी कुठं मोडला? मी पंगतीत बसलो होतो.”

महारुद्रने सेटिंग विचारलं. अनंतरावांनी सांगितलं. मग तो अगदी मऊपणे म्हणाला, “काका, तुमी आता आराम करा.” एसटी परभणीत पोचायच्या आत अनंतराव टोळीबाहेर होते.

सोमवारी त्यांनी थालीपीठ केलं आणि ते कोणाला सांगावं हे न सुचून गार होईपर्यंत तसंच ठेवलं. आपला कोणाला त्रास नको म्हणून सुखरूप परतलेल्या घोडेस्वारांना त्यांनी ‘जागेवर उभे’ केलं. नऊ वाजता शत्रूचं सैन्य आलं आणि धान्य घेऊन गेलं. घोडेस्वार बघत राहिले. मंगळवारीही तेच. बुधवारी सैन्याबरोबर निरोप आला.

“तीन दिवस झाले, तुमचे शिपाई हलंनात. तब्येत बरी हाय ना?”

अनंतरावांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. तब्येत ठीक असल्याचं लिहिलं. थोडं थांबून, भाजणी संपल्याचंही लिहिलं.

शत्रूचं नाव राजेश्री निघालं. पालमला तिचं शिवणकामाचं दुकान होतं. मुलं बाहेरगावी होती. दुकान नऊला उघडायचं, गिऱ्हाईक मात्र अकराशिवाय फिरकत नसे. नुसत्या उभ्या शिपायांना लुटून करमत नाही, जरा लढत जा, असं तिने कळवलं.

गुरुवारी अनंतरावांनी सेटिंग बदललं. वीस मिनिटं घनघोर लढाई झाली. तीनशेच्या तीनशे घोडेस्वार पडले.

“आज लय छान लढलाव,” तिने लिहिलं.

शनिवारी सकाळी शेजारच्या हेमाताई दारात आल्या. कॉलनीतल्या वयस्कर मंडळींनी रोज नऊला एकत्र बसायचं ठरवलं होतं. एकटं घरात बसण्यापेक्षा तुम्हीही या, म्हणाल्या. गेली दोन वर्षं अनंतराव अशाच बोलावण्याची वाट पाहत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. नऊला पाच मिनिटं कमी होती.

“नऊला नाही जमायचं,” ते म्हणाले. “त्या वेळी आमच्याकडं पालमहून येतात.”

“पाहुणे का?”

अनंतरावांनी फोन हातात घेतला.

“पाहुणेच म्हणा. चहा घेत नाहीत. धान्य नेतात.”