शांततेचं गाऱ्हाणं

शांततेबद्दल आमच्या गावात सगळ्यात जास्त आरडाओरडा कोण करत असेल, तर वासुकाका. वाचनालयाच्या खिडकीतून त्यांनी "शांतता राखा रे!" अशी आरोळी ठोकली, की बाहेर एस.टी.ची वाट बघणारी माणसं गाडी आली असं समजून उठून उभी राहतात.

वासुकाका म्हणजे आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आणि माझे शेजारी. पूर्वी माणूस तसा बरा होता. पण गेल्या वर्षी मुंबईच्या एका संस्थेनं वाचनालयाला खोकंभर नवी पुस्तकं पाठवली. शांतता आणि मानवी हक्क मुलांना कसे शिकवावेत, याची. गोष्टी, चित्रांचे तक्ते, खेळायचे पत्ते, सगळं त्यात. काकांनी ती आधी स्वतः वाचून काढली आणि गावाची शांतता गेली.

"हक्क आसा!" हा त्यांचा मंत्रच झाला; वाचनालयाच्या भिंतीवरही त्यांनी तो रंगवून टाकला. मासळीबाजारात टोपलीतले बांगडे उलटेपालटे करत ते म्हणाले, "भाव विचारूचो माका हक्क आसा." मासेवाली कसली ऐकतेय! "हात न लावता विचारा, काकानु. बांगड्यांकय हक्क आसत."

मुलांना मात्र ते ती पुस्तकं देईनात. "हात लावू नको, मळतली!" शेवटी सातवीतली एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, वाचूचो आमचो हक्क आसा. तुमीच भिंतीर लिवलास." काका आधी चिडले, मग असे काही खूश झाले की आख्खं कपाटच उघडून दिलं.

एकाच विषयावर त्यांची दातखीळ बसायची. धाकटा भाऊ सदा त्यांच्या शेजारीच राहतो. दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्याला लागून, काकांच्या बाजूला, एक कापा फणस. त्या फणसापायी दोघांचं बोलणं बंद. सदा मागत नाही, काका एकट्यानं खात नाहीत. दर मे महिन्यात फणस पिकून खाली पडतात आणि घमघमाट आम्ही सोसतो. मी एकदा विषय काढला, तर काका म्हणाले, "ता पुस्तकात नाय."

पण पुस्तकात ते होतं. भांडणातल्या दोघांनी जागा बदलायच्या आणि समोरच्याची बाजू आपल्या तोंडानं सांगायची, असा एक खेळच होता त्यात. मुलं तो हौसेनं खेळायची. काका दुसरीकडे बघत ऐकायचे.

मग नव्या पुस्तकांच्या कपाटाचं उद्घाटन ठरलं. आमच्याकडे काहीही सुरू करायचं तर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं. एकानं मागणं मागायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. गाऱ्हाण्याला वासुकाकांइतका आवाज कोणाचा? त्यानंतर मुलांचं एक नाटुकलं होतं, त्यात सदाची नात होती, म्हणून तोही आला होता. दाराशीच उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! आज ही नवी पुस्तका इली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"ती वाचून पोरांक सुबुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

इथं नारळ फोडायचा. पण काका थांबले. त्यांचा आवाज इतका उतरला की पुढच्या रांगेतल्यांनाही कान द्यावा लागला.

"एक फणस आसा, म्हाराजा. तो धाकट्यान लावल्यान. शाळेतसून येवन रोज कळशी ओतल्यान. मगे तो गोंयात कामाक गेलो, आणि थोरल्यान तेका न विचारता गडगो बांधल्यान. झाड आपल्या बाजूक घेतल्यान."

याला "व्हय" म्हणायचं तरी कोणी? काका नारळ हातात घेऊन तसेच उभे. मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना.

मग दाराकडून घोगरा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

सदा होता.

परवा सकाळी शेजारून मोठा गोंधळ ऐकू आला. मी धावत गेलो. गडग्याचे काही चिरे उतरवून ठेवलेले, आणि दोघे भाऊ हाताला तेल चोपडून एकाच फणसाशी झटत बसलेले.

"तुका कापूक येणा नाय!"

"माका शिकवू नको, रोप माझा!"

मी म्हटलं, "काका, शांतता राखा."

काकांनी मान वर केली. डोळे ओले, हनुवटीला गरा चिकटलेला.

"गप रव रे," ते म्हणाले. "किती वर्सांनी भांडतव. हक्क आसा आमचो."