ढिगावरची आई

एखादं काम माझ्या हाती दिलं की ते झालंच म्हणून समजा! आमच्या गल्लीने वणवा समितीचं प्रमुखपद मला उगाच नाही दिलं. (बैठकीला मी उशिरा पोहोचलो आणि तोवर बाकी सगळे 'नाही' म्हणून मोकळे झाले होते, असं बायको सांगते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.)

आमची गल्ली शहरातली शेवटची. तिच्या पुढे फक्त डोंगर आणि डोंगरावर कंबरभर वाळलेलं गवत. गेल्या उन्हाळ्यात वणवा पार शेवटच्या कुंपणापर्यंत आला होता. आम्ही सगळे शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर बसून घरं राहतात की जातात याची वाट पाहत होतो. घरं वाचली, पण ती भीती अजून पोटात आहे. म्हणून यंदा अग्निशमन दलाच्या मॅडम पाहणीला येणार हे कळताच मी कंबर कसली.

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून भाषण ठोकलं. "भिंतीला टेकलेलं लाकूड, पाला, जुन्या गाद्या, पेटेल असं काहीही नको! सगळं उचला आणि माझ्या फाटकाशी आणून टाका. रविवारी ट्रक येईल. आणि हो, कोणाला विचारत बसू नका! विचारलं की प्रत्येकाला आपलं मोडकं स्टूलसुद्धा प्राणप्रिय होतं!"

"कोणालाच नाही विचारायचं?" शेजारच्या टेलरकाकांनी विचारलं. हा माणूस कापड जसं मापात कापतो, तसाच शब्दही मापात पाळतो.

"कोणालाच नाही! अगदी माझ्या घरापासून सुरुवात करा!"

टाळ्या पडल्या. मला काय माहीत, त्या टाळ्यांचं बिल कोणाच्या नावावर फाटणार होतं!

रविवारी सकाळी मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नर्सताईंना कुंपण कसं छाटावं ते शिकवत होतो. म्हणजे त्या छाटत होत्या आणि मी शिकवत होतो. तेवढ्यात बायको आली. तिचा आवाज अगदी शांत होता. तिचा आवाज शांत असला की माझी पाचावर धारण बसते.

"आईंची खुर्ची कुठाय?"

ही खुर्ची म्हणजे काय ते सांगायला हवं. माझे वडील कारकून. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या हाताने एकच वस्तू बनवली, ती ही खुर्ची. ती डावीकडे कलते आणि तिचा एक हात आखूड आहे. दुसरं कोणी बसलं तर थेट जमिनीवर! पण बाबा गेल्यापासून आई रोज दुपारी वळचणीला, भिंतीला टेकवलेल्या त्याच खुर्चीत डोंगराकडे बघत बसते. एकही दुपार चुकलेली नाही.

मी धावत सुटलो. वाटेत टेलरकाका भेटले, घाम पुसत, कृतार्थ चेहऱ्याने.

"काका, आमची खुर्ची?"

"उचलली की! पहिल्यांदा तीच! तुमच्या घरापासून, आणि न विचारता!"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

फाटकाशी पोहोचलो आणि थबकलो. साऱ्या गल्लीने माळे रिकामे केले होते. गाद्या, फळकुटं, पाल्याची पोती, रद्दी असा सगळा ढीग फाटकापासून भिंतीपर्यंत पसरून आमच्या कौलांना भिडला होता. ढिगाच्या टोकावर खुर्ची होती आणि खुर्चीत आई! गुडघ्यांमुळे स्वयंपाकघराची एक पायरी जिला चढवत नाही, ती आई! ती वर कशी चढली हे तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

"आई, खाली ये!"

"मी माझ्या जागेवरच बसलेय. जागा कोणी हलवली ते बघ."

"अगं, ट्रक येतोय!"

"येऊ दे. खुर्ची जाणार असेल तर मीही जाते. बऱ्याच दिवसांत कुठे गेले नाही."

ट्रक आला. ड्रायव्हरने मान वर करून बराच वेळ पाहिलं. "साहेब, मला पालापाचोळा सांगितला होता. आजींचं काही बोलणं झालं नव्हतं." मग त्याने निवांतपणे ट्रकला टेकून खिशातून काडेपेटी काढली. अख्खी गल्ली एका सुरात ओरडली! बिचाऱ्याच्या हातून पेटी गटारात पडली.

आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम आल्या.

"हे काय आहे?"

"सुरक्षा," मी म्हणालो.

"आणि वर?"

"आई."

मॅडमनी हाक मारली, "आजी, खाली या. ढीग पेटला तर?"

"अगं, ते कळतंय मला. पण ही खुर्ची कुठे जाणार नाही असं आधी त्याला म्हणू दे."

खरं सांगतो, त्या क्षणी पाहणी-बिहणी सगळं विसरलो. ट्रक थोडा लवकर आला असता तर बाबांची खुर्ची गेलीच असती आणि मला आईला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. "नाही जाणार, आई," मी म्हणालो. "चुकलो."

"बरं," आई म्हणाली. "मॅडम, आता तू जरा वर ये. इथून सगळ्यांची कौलं दिसतात. गंमत दाखवते."

टेलरकाकांनी शिडी लावली. मॅडम वर गेल्या. दोघींचं हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं. मग मॅडमनी कौलांच्या कडेच्या आमच्या पन्हळीत हात घातला आणि वाळक्या पानांची भलीमोठी मूठ बाहेर काढली.

"ही पन्हळ शेवटची कधी साफ केली?"

"तसं म्हणजे... मागेच..."

"त्याच्या लग्नात," वरून आई म्हणाली.

गल्ली हसली. बायको सगळ्यात मोठ्याने.

"वणवा चालत येत नाही हो," मॅडम मला म्हणाल्या. "वाऱ्यावर ठिणग्या येतात. अशा पन्हळीत एक पडली की घर गेलं. खुर्चीचं काय, भिंतीपासून लांब ठेवा आणि वारा सुटला की आत घ्या."

आधी खुर्ची उतरली, मग मॅडमचा हात धरून आई. ढीग ट्रकमध्ये गेला. गल्ली पाहणीत पास झाली, एक घर वगळून. ते घर कोणाचं, हे विचारू नका.

परवा समितीची पुन्हा बैठक झाली. या वेळी मी वेळेआधी हजर होतो. प्रमुख म्हणून आईचं नाव निघालं आणि एकजात सगळे हात वर झाले.

आता आई रोज दुपारी अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून बसते आणि मान वर करून सांगते, "डावीकडे राहिलंय रे!" मीही समितीत आहेच. माझ्याकडे पन्हळी आहेत. सगळ्या गल्लीच्या.