राणी राजाचं नाव घेईना

शहजाद मिस्त्रीला तोंड बंद ठेवायला सांगणं म्हणजे तसं सोपं काम. तो मुळातच कमी बोलणारा. आर्णीच्या बसस्टँडमागे त्याच्या अब्बांचं, जलालमिस्त्रींचं, ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि शहजादचा दिवस कुठल्या ना कुठल्या गाडीखाली उताणा पडून जायचा. तिथे बोलणार कुणाशी? म्हणून गेल्या सहा वर्षांत त्याने गाडीखाली पडल्या पडल्या एक अख्खी दुनिया तयार केली होती. सात किल्ले, एक राजा, एक राणी, एक सेनापती, एक जादूगारीण आणि पांढरं सोनं खाणारी एक गुलाबी अळी, लांबीला पन्नास हात. कापसावर गुलाबी अळी पडण्याच्या त्या काळात जिल्ह्यातल्या कुठल्याही माणसाला राक्षस काढायला सांगितला असता तर त्याने अळीच काढली असती, हे कबूल केलं पाहिजे.

या दुनियेचा त्याने खेळ केला होता. चौघांनी बसायचं, प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे आणि आपल्या तोंडाने आपापल्या पात्राचं बोलायचं. कवड्या, पट असलं काही नाही. सगळा कारभार तोंडाचा.

नावांची पद्धत मात्र शहजादची खास. ती त्याला गॅरेजमध्येच सापडली होती. सेल्फ मारूनही सुरू न होणारं इंजिन जे म्हणायचं ते सेनापतीचं नाव. पान्हा फरशीवर पडला की जे ऐकू यायचं ते जादूगारणीचं. आणि राजाचं नाव सगळ्यात भारी: ट्रक थांबला की त्याच्या हवेच्या ब्रेकमधून जो एक लांब सुस्कारा सुटतो, तो. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि हसले असते तर त्याला वाईट वाटलं असतं.

खेळाची वही टाईप करायला तो सायबर कॅफेत गेला तेव्हा तिथे मराठी अक्षरं नव्हती. त्यामुळे राजाचा सुस्कारा इंग्रजीत उतरला. सुरुवातीलाच एक्स, पाठोपाठ एच, मग आर, आणि पुढे आणखी पाच अक्षरं आपापल्या मर्जीने उभी.

हा खेळ छापायला नागपूरहून देवीलालजी येणार होते. लग्नपत्रिका, कॅलेंडर आणि सापशिडी छापणारा माणूस. खेळ त्यांना आवडला होता, नावं आवडली नव्हती.

"देखो शहजादभाई," शुक्रवारी दुपारी गॅरेजच्या बाकावर बसत ते म्हणाले, "गिऱ्हाईक डबा घरी घेऊन जाईल. तिथं तुम्ही समजवायला जानार आहे का? नाही ना. म्हनून आज हे लोक खेळतील अन् तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. त्यांना नावं जमली तर जशीच्या तशी छापतो. नाही जमली, नाही तर तुम्ही मधात तोंड उघडलं, तर राजा विक्रम, रानी पद्मा, सेनापती बहादूर. मंजूर?"

शहजादने मान हलवली. सहा वर्षं ज्याला छातीवर बसवून ऑइल बदललं, त्याला एका दुपारी विक्रम करून टाकायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

शुक्रवारी नमाजनंतर गॅरेज बंद असे, म्हणून जागा मोकळी होती. टायरवर पाट टाकून बैठक मांडली. शहजादचा मित्र नयन कृषी केंद्रात कामाला होता, तो सेनापती. त्याची चुलतबहीण निकिता बी.एस्सी.ला होती, तिच्याकडे पुस्तिका वाचून खेळ चालवायचं काम. शहजादची धाकटी बहीण आरिफा जादूगारीण. आणि राणी म्हणून गॅरेजचं नेहमीचं गिऱ्हाईक, धावजी. धावजीच्या मिशा लक्षात घेता हे जरा अवघड होतं, पण राणीचं सोंग घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

दोन वाजता धावजीचा फोन आला. तो कापूस खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर घेऊन तीन दिवसांपासून लाइनीत उभा होता आणि पुढे अजून साठ गाड्या होत्या. "राजाले सांगा, नंबर लागला का येतो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

खेळाला चौघं तर हवेच. त्याच वेळी नयनची आई, मैनाबाई, शहजादच्या आईकडे लोणच्याची बरणी परत करायला आली होती. तिला पाटावर बसवलं.

"मले काई येत नाई बाप्पा," ती म्हणाली.

"तुले काई नाई कराचं, आई. तू राणी हायेस, बस," नयन म्हणाला.

हे ऐकून मैनाबाईने पदर नीट केला आणि ताठ बसली. तिला हे काम पसंत पडलं.

पहिली आठ पानं झकास गेली. नववं पान निकिताने वाचायला घेतलं आणि अडखळली. "अळी वेशीपाशी आली. राणी बाहेर अडकली. किल्ल्याचा दरवाजा बंद. झ्राऊलेन राजाचं नाव घेतल्याशिवाय..."

"झ्राऊलेन नोहे," नयन म्हणाला. "एक्सराऊलेन."

"सुरुवातीले एक्स असला का झ म्हणतात. कॉलेजात शिकवलं आमाले."

"मी रोज वीस बियाण्याच्या थैल्याईचे नावं वाचून दाखवतो. कोणता कास्तकार मले विचारते का हे बरोबर हाय का म्हणून? मी जे म्हणतो थेच नाव असते."

"खऱ्रौलन आहे ते," आरिफाने घशातून खरवडून सांगितलं. "पीछे एच आहे ना."

देवीलालजींनी खिशातून पेन काढलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. शहजादला ते उलटं दिसत होतं, तरी पहिलं अक्षर 'वि' आहे हे त्याने ओळखलं. तिघांचंही चुकत होतं. त्याची जीभ टाळूला नुसती टकरा देत होती. त्याने तोंडात रुमाल धरला.

पंधरा मिनिटं भांडण झाल्यावर निकिताने मार्ग काढला. "हे पाहा, पुस्तकात लिहिलं हाय का राणीनं राजाचं नाव घेतलं का दरवाजा उघडते. नवऱ्याचं नाव बायकोइतकं कोणाले माईत असते? काकू म्हणन थे बरोबर. काकू, घ्या नाव."

सगळे मैनाबाईकडे वळले. मैनाबाई खाली बघू लागली.

"घे ना आई."

"म्या कसं घेऊ? मालक हायेत ना थे माहे."

आता शहजादच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने कपाळावर हात मारला. राणीने राजाचं नाव घेतल्याशिवाय दरवाजा उघडत नाही, हा नियम त्याने स्वतः लिहिला होता. ट्रकखाली पडून लिहिताना तो फार रुबाबदार वाटला होता. पण आर्णी तालुक्यात कुठली बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेते, हा विचार त्याने केलाच नव्हता. त्याच्या स्वतःच्या अम्मीने, हजराबीने, तीस वर्षांत एकदाही जलाल हा शब्द उच्चारला नव्हता. रेशनच्या रांगेतसुद्धा ती कार्ड पुढे करायची आणि दुकानदाराला वाचायला लावायची.

"आई, खेळ हाय हा. खोटा नवरा हाय."

"खोटा असंन, नवरा तं हाय."

तेवढ्यात चहा घेऊन हजराबी आली. तिने काय चाललंय ते ऐकलं आणि ट्रे खाली ठेवून मैनाबाईच्या बाजूला उभी राहिली. "सही बात है. खाविंद का नाम ऐसा कैसा लेंगे सबके सामने? ये किसने लिखा?"

शहजादने भिंतीवरच्या पान्ह्यांकडे पाहायला सुरुवात केली.

मग तडजोडी सुरू झाल्या. "नुसतं अहो, दार उघडा म्हनलं तं?" मैनाबाईने विचारलं. निकिता म्हणाली, पहारेकरी ऐकणार नाही. "सात किल्ल्याचे मालक?" चालणार नाही. शेवटी मैनाबाईने सवयीप्रमाणे "नयनचे बाबा" म्हणून पाहिलं, तेव्हा सेनापती असलेला नयन दचकला.

"राजाले पोरगंच नाई, काकू," निकिताने पुस्तिका पाहून सांगितलं. "बारा वर्षं झाले लग्नाले."

"बारा वर्षं? अन् डाक्टरले नाई दाखवलं?"

यावर हजराबीने यवतमाळच्या एका हकिमाचा पत्ता सांगितला. अळी वेशीवर ताटकळत राहिली. देवीलालजी घड्याळ पाहत होते, त्यांची गाडी साडेचारची. शहजादचा रुमाल अर्धा चावून झाला होता.

आरिफा मात्र भावाचा चेहरा पाहत होती. तिला राहवलं नाही. "मैनाकाकू," ती म्हणाली, "लग्नात कसं घेतलं होतं नाव?"

"उखाण्यात. तसं चालते. उखाण्यात घेतलं तं काई होत नाई."

"मग उखाण्यात घ्या ना."

मैनाबाई एकदम खुलली. तिने पदर डोक्यावरून घेतला, दोन क्षण छताच्या टिनांकडे पाहिलं आणि खड्या आवाजात म्हणाली,

"पऱ्हाटी फुटली पांढरीफट, कापसाले भेटो भाव,
सात किल्ल्याच्या धन्याचं, झरावलेनरावाचं घेतो मी नाव."

निकिताला यात आपला झ सापडला, नयनला आपला लेन. आरिफाला काहीच सापडलं नाही, पण टाळ्या तिनेच आधी वाजवल्या. भाव हा शब्द ऐकून दोन क्षण सगळेच जरा हळवे झाले, कारण त्या साली तो कुणालाच भेटला नव्हता. दरवाजा उघडला, राणी आत आली, मागोमाग अळीही.

आणि त्याच वेळी गॅरेजच्या दारात सदाशिवराव उभे होते. मैनाबाईचे मालक. खरे.

ते दुरुस्तीला टाकलेली स्कूटर न्यायला आले होते. बायको पदर घेऊन, लाजत, भर गॅरेजमध्ये कुणाचं तरी नाव घेते आहे, एवढं त्यांनी चांगलं ऐकलं होतं. सत्तावीस वर्षांत तिने त्यांचं नाव एकदा घेतलं होतं, तेही मांडवात, तेही चार बायांनी चिमटे काढल्यावर.

"हा झरावलेनराव कोण हाय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

नयन आणि निकिता एकदमच बोलू लागले, त्यामुळे काहीच कळलं नाही. मग सदाशिवराव, गॅरेज ज्याच्या घरचं त्याला विचारावं म्हणून, शहजादकडे वळले. "मी तुले विचारून राह्यलो, शहजाद. हा गडी कोण?"

शहजादने तोंड उघडलं. देवीलालजींनी पेन उचललं. शहजादने तोंड मिटलं.

"काहून बोलत नाई? काय लपवून राह्यला?"

बिचाऱ्याने हातवारे केले. हा माणूस खरा नाही, हवेतला आहे, असं सांगायला त्याने बोट वर केलं आणि आभाळाकडे दाखवलं.

सदाशिवरावांचा चेहरा बदलला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "वारला?"

"कोण वारलं?" मैनाबाई ताडकन उठली. "आताच तं नाव घेतलं म्या! माह्या कुंकवाले काई बोलाचं काम नाई."

"तुह्या कुंकवाचा धनी मी हाय इथं उभा."

"तुमी घरचे. हे खेळातले."

देवीलालजी हसून हसून बाकावर आडवे व्हायचे बाकी होते. डोळे पुसत पुसत त्यांनी आपला कागद घेतला, त्यावरचं विक्रम खोडलं आणि सदाशिवरावांना सगळा प्रकार पहिल्यापासून समजावून सांगितला. मग शहजादला म्हणाले, "एका नावासाठी लोक एक घंटा भांडले, पन उठून कोनी गेलं नाही. अन् ज्यानं खेळ पाह्यला नाही तो बी आल्या आल्या इचारते, झरावलेनराव कोन. अजून काय पायजे? नावं जशीच्या तशी छापतो. फक्त पहिल्या पानावर बाईंचा उखाना टाकू, म्हनजे कसं म्हनायचं ते समजते. आता बोला तुम्ही. हाच उच्चार बरोबर आहे ना?"

तासाभराने शहजादच्या तोंडातून रुमाल निघाला. समोर मैनाबाई उभी होती, अजून पदर डोक्यावरच. तिच्या तोंडावर जो आनंद होता तो पाहून त्याने राजाचा खरा उच्चार गिळला आणि रुमाल घडी करून खिशात टाकला.

"हो," तो म्हणाला. "काकू म्हणतात तसंच."

"राव बी?"

"राव बी."

आरिफाने त्याच्याकडे पाहिलं. भिंतीपलीकडे झोपणाऱ्या भावाला ती सहा वर्षं झोपेत सुस्कारे टाकताना ऐकत आली होती. ती चहाचे कप उचलायला लागली.

देवीलालजी बसस्टँडकडे गेले, पोरं पांगली. सदाशिवराव मात्र स्कूटरपाशी घुटमळत होते. मैनाबाई हजराबीकडून रिकामी पिशवी आणायला आत गेली आहे, हे पाहून त्यांनी शहजादला जवळ बोलावलं.

"हा राजा किती दिवस राह्यते, बाप्पा?"

"चाळीसाव्या पानावर मरते, काका. अळीसंग लढताना."

"पक्कं?"

"छापून येईन तसंच."

सदाशिवरावांना बरं वाटलं. "तिले सांगू नोको," ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर सरकीने भरलेला एक ट्रक येऊन थांबला, आणि त्याच्या पोटातून एक लांब, भारदस्त सुस्कारा सुटला. शहजाद होता तिथेच खिळून उभा राहिला.

सदाशिवरावांनी मागे वळून पाहिलं. "ब्रेक गेला वाटते याचा. कसातरीच आवाज करून राह्यला."

"नाई काका," शहजाद म्हणाला. "एकदम बरोबर हाय त्याचं."