डाव्या बाजूचा ब्रेक

दिगंबरकाकांना गाडी चालवता येत नाही, पण ब्रेक मारता येतो. गाडी कुणाचीही असो, ते डावीकडे बसतात आणि समोर म्हैस दिसली की पायाखालची चटई जोरात दाबतात. आमच्या गाडीतल्या चटईला तिथे चांगलं अंगठ्याएवढं भोक पडलं आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडी थांबवली की दर वेळी विचारायचे, "लागला का रे तुझा?" काका गंभीरपणे सांगायचे, "लागला. म्हणून तर वाचलो."

पंचायतीत कारकुनी करून निवृत्त झालेले हे आमचे शिरड शहापूरचे शेजारी. अण्णा गेल्यावर गाडी अंगणातच उभी राहिली. आईला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं होतं. पण ब्रेक दाबला की मागून लोखंड घासल्यासारखा आवाज येई. "ह्या आवाजात मी न्हाई बसत," तिनं सांगून टाकलं.

"ब्रेकचे मागचे पॅड गेले," काका म्हणाले. "गॅरेज काहून? अण्णा अन् मी घरीच बदलायचो."

रविवारी सकाळी ते जुन्या धोतराची फडकी घेऊन आले. गाडी जागेवर थांबेल यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पुढच्या चाकांना दगड लावले, गिअर टाकला, वर हॅण्डब्रेक ओढला. जॅक लावून मागचं चाक काढलं. पण पॅड धरून ठेवणारा कॅलिपर काही निघेना. मी ओढला, काकांनी ओढला, दोघांनी मिळून ओढला. शेवटी काका त्याची मनधरणी करू लागले, "ये बाबा, तकलीफ नको देऊ."

आई चहा घेऊन बाहेर आली. थोडा वेळ बघत राहिली.

"भावजी, हॅण्डब्रेक वढलाय का?"

काकांनी दारातून हात घालून हॅण्डब्रेक खाली केला.

"मागच्या चाकालाच धरतो न्हाई का त्यो? दर बारीला हेच. तुमी दोघं घाम गाळायचे, अन् मी येऊन इचारायचं."

आणि ती हसली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

मग कॅलिपर मुकाट्यानं निघाला. नवे पॅड बसले, चाक चढलं. काकांनी मला बजावलं, "आदी पायडल दाबून घे माय, घट्ट लागंपर्यंत. मगच गाडी हलव."

गाडी चालवून बघायला म्हणून निघालो, तर आईच मागं येऊन बसली. फाट्याजवळ शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला. कसलाही आवाज न होता गाडी थांबली. मागं आईनं सुस्कारा सोडला. शेजारी काकांचा पाय त्या भोकावर घट्ट होता.

"लागला का, काका?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते काचेतून समोर बघत राहिले. "लागला," म्हणाले.

शेळ्या गेल्या, रस्ता मोकळा झाला. काकांनी पाय उचलला नाही. मीही घाई केली नाही.