मी अंतराळयान थांबवतो

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘तिसऱ्या सूर्याकडे’ या मालिकेतलं माझ्याइतकं कळणारा माणूस या पृथ्वीवर नाही! इतर ग्रहांवर असला तर कल्पना नाही. लहानपणी ही मालिका लागली की मी जेवणाचं ताट मांडीवर घेऊन बसायचो आणि भाग संपला की आई ते ताट जसंच्या तसं उचलून न्यायची. आज मी बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांशी बसतो खरा, पण मनाने अजून ‘अथांग’ यानाच्या नियंत्रणकक्षात कप्तानाच्या शेजारीच उभा असतो. परवा एका बाईंना दोन्ही बूट डाव्या पायाचे बांधून दिले, ते त्यामुळेच.

या मालिकेचे सगळे भाग माझ्याकडे कॅसेटवर आहेत. अख्खं कपाट भरून! आणि नेमका त्याच कपाटावर आमच्या हिचा डोळा. ही घरी शिवणकाम करते. कापडाचे तागे पलंगाखाली, अर्धवट शिवलेले कोट दाराच्या खिळ्याला आणि मशीन स्वयंपाकघरात, ओट्याला खेटून.

“भाजीत दोरा निघाला म्हणून ओरडता,” ही एक दिवस म्हणाली, “आणि इकडे तुमचे आकाशातले पाहुणे कपाटात हातपाय पसरून बसलेत! द्या ते सगळं भंगारात.”

“भंगारात? अगं, जगातला चमत्कार आहे तो! जिथे चित्रीकरण झालं ना, त्या जागा अजून आहेत. एकदा बघ, तोंडात बोट घालशील!”

“आणि नाही घातलं तर?”

“तर कपाट तुझं! कॅसेटी भंगारात!”

बोलून गेलो आणि जीभ चावली. हिने मात्र कात्री खाली ठेवली आणि विचारलं, “कधी निघायचं?”

निघालो. मी यानाच्या खलाशांचा गणवेश चढवला होता. गडद निळा कोट, खिशावर चंदेरी गोल बिल्ला. तो हिनेच शिवला होता, कुरकुरत. “तुमच्या त्या कप्तानाची डावी बाही आखूड आहे. मी तशी शिवणार नाही,” असं म्हणून तिने माझ्या दोन्ही बाह्या सारख्या शिवल्या. कपाट पणाला लागलेला माणूस बाहीवरून भांडत नाही.

पहिला मुक्काम लाल ग्रह! जिथे कप्तान पहिल्यांदा परग्रहाच्या मातीवर पाऊल ठेवतो आणि गुडघ्यावर बसतो, ती विटांच्या मातीची खाण. मी हिला धरून नेलं, भक्तिभावाने डोळे मिटले आणि म्हटलं, “बघ!”

हिने बघितलं. मीही डोळे उघडले. समोर जुन्या टायरांचा डोंगर होता. त्यावर एक कुत्रा झोपला होता.

“हा परग्रहावरचा का?” हिने विचारलं.

दुसरा मुक्काम महापरिषदेचं सभागृह. साऱ्या सूर्यमालांचे राजे जिथे जमतात ती भव्य गोल इमारत! तिथे आता गालिच्यांचं दुकान निघालं आहे. जिथे बृहद्ग्रहाच्या राणीने तलवार मोडून टाकली, त्या जागी ‘जुन्या मालावर सवलत’ अशी पाटी. मला रडू यायचं बाकी होतं. ही मात्र एका गालिच्याची कड उलटून बघत म्हणाली, “हे काम चांगलं आहे हं!” दिवसभरातलं ते पहिलं कौतुक, तेही गालिच्याचं! माझ्या डोळ्यांपुढे कॅसेटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढायला लागल्या.

आता उरली एकच जागा. खुद्द ‘अथांग’ यान! त्याच्या आतल्या भागाचं चित्रीकरण शहराबाहेरच्या जुन्या पाणीपुरवठा केंद्रात झालं होतं आणि ते केंद्र अजून चालू आहे, एवढं मला ठाऊक होतं. आत सोडतील की नाही, हे ठाऊक नव्हतं.

फाटकावरचा पहारेकरी आम्हाला बघून ताडकन उभा राहिला. मी म्हटलं, “आधी न कळवता आलोय, माफ करा. पण खूप लांबून आलोय आणि आतला कोपरा न् कोपरा बघितल्याशिवाय जाणार नाही!”

त्याने माझ्या निळ्या कोटाकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. हिला नवी चप्पल चावत होती, त्यामुळे चेहरा फारच कडक झाला होता. पहारेकऱ्याने खाडकन सलाम ठोकला. मीही यानावरचा सलाम केला. तळहात छातीवर, मान जरा डावीकडे. तो क्षणभर गोंधळला आणि त्यानेही तळहात छातीवर ठेवून मान डावीकडे केली!

“बघितलंस?” मी हिच्या कानात म्हटलं. “आपल्यातला आहे!”

पुढे तर कमालच झाली. केंद्राचे प्रमुख स्वतः धावत आले. घामाघूम. एका बुटाची नाडी सुटलेली. बूट विकणाऱ्याला एवढं कळतं की नाडी न बांधता धावत येणाऱ्याच्या मनात एकतर प्रेम असतं नाहीतर भीती. मी प्रेम धरलं.

“या साहेब, या बाईसाहेब! आज येणार असं काही... चहा घेणार?”

“चहा नंतर,” मी म्हणालो. “आधी तो लोखंडी गोल जिना. या दारामागे आहे ना?”

प्रमुख थबकले. “तुम्हाला माहितीय?”

“मला सगळं माहितीय! जिना उतरला की लांब बोळ, बोळात डावीकडे पाइप आणि उजवीकडे एक अरुंद दार.”

“ते दार...” प्रमुखांचा आवाज खोल गेला. “ते दार आम्ही बुजवलं, साहेब. मागच्या वर्षी. परवानगी घ्यायची राहिली.”

“बुजवलं?” मी जवळजवळ ओरडलोच. “अहो, काय केलंत हे! किती माणसं गेली त्या दारातून! एकही परत आलं नाही!”

प्रमुखांनी भिंतीला हात टेकले. हिने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि कुजबुजली, “अहो, हे लोक तुम्हाला दुसरंच कोणीतरी समजतायत.”

“दुसरं कोण समजणार? चाहता चाहत्याला ओळखतो!”

आणि मग आम्ही नियंत्रणकक्षात शिरलो.

काय सांगू तुम्हाला! मी तोंड उघडलं ते मिटायचं विसरलो. तेच! सगळं तेच! डोक्यावर काचेचा प्रचंड घुमट, त्यातून उतरणारा दुधी उजेड, दोन माणसं मिठीत घेऊ शकणार नाहीत एवढे हिरवे पाइप, पितळी काट्यांच्या तबकड्या आणि मधोमध उंच चौथरा. कप्तानाचा चौथरा! आणि तो आवाज. घुंऽऽऽ असा, पायाच्या तळव्यातून वर चढत छातीत जाऊन बसणारा. यानाच्या इंजिनाचा म्हणून जो आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो, तो या पंपांचा होता! माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढा मोठा बाप्या, पण उभं राहिलं, काय करू?

हिच्याकडे बघितलं. ती चप्पल काढून अंगठा चोळत होती.

“मोठं आहे,” ती म्हणाली.

फक्त मोठं आहे! पुढे एक शब्द नाही! माझी शेवटची जागा, शेवटची आशा, आणि ही अंगठा चोळतेय! माझं डोकं फिरलं. मी तरातरा चौथरा चढलो, तळहात छातीवर ठेवला आणि शेवटच्या भागातला कप्तानाचा तो हुकूम, जो ऐकून मी लहानपणी उशीत तोंड खुपसून रडलो होतो, तो पूर्ण ताकदीने दिला.

“सगळी यंत्रं थांबवा! मला शांतता ऐकायची आहे!”

पंप चालवणारा माणूस तबकड्यांपुढे बसला होता. त्याने वळून प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख पांढरेफटक पडले होते.

“हेही माहितीय यांना,” ते पुटपुटले. मग डोळे मिटून म्हणाले, “थांबव.”

त्याने एकेक कळ खाली ओढली आणि ‘अथांग’ यान थांबलं.

अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आधी घुमटाखालची हवा जड झाली, मग जमिनीतली थरथर विरत विरत गेली आणि मागे काहीच उरलं नाही. कुठेतरी खूप खाली एक थेंब पडला, तो सगळ्यांना ऐकू आला. मी शेजारच्या पाइपला कान लावला, कप्तान लावतो तसा. मी लावला म्हणून प्रमुखांनीही लावला. पंपवाल्यानेही लावला. आत पाणी सावकाश मागे सरत होतं, झोपेत कूस बदलावी तसं. मला वाटलं, किती थोर माणसं आहेत ही! एका चाहत्यासाठी यान थांबवलं!

एवढ्यात फोन वाजला. मग दुसरा. मग भिंतीवरचा तिसरा. प्रमुख एकेक उचलत सुटले.

“हो हो, येतंय पाणी... न्हाव्याकडे आहात? डोक्याला फेस? धीर धरा, पाहणी चालू आहे!... काय? अख्ख्या गल्लीत नाही?”

पाहणी? कसली पाहणी? तेवढ्यात पहारेकरी धापा टाकत आला. “साहेब, आणखी दोघं आलेत! तेही म्हणतायत, मुख्य कार्यालयातून तपासणीला आलोय!”

त्याच्या मागोमाग एक उंच बाई आणि एक बुटके गृहस्थ आत आले. त्यांच्या पायांकडे नजर गेली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाड तळव्याचे, घोट्यापर्यंतचे, ओल्यात न घसरणारे बूट. तपासनीस असेच असतात! मी मात्र कप्तानासारखे चकचकीत टोकदार घालून आलो होतो.

प्रमुख अगदी हळू माझ्याकडे वळले. “मग तुम्ही कोण?”

“मी?” मी चौथऱ्यावरूनच म्हणालो. “मी... बुटांच्या दुकानात असतो.”

“तरी मी सांगत होते,” ही म्हणाली.

“पंप का बंद आहेत?” उंच बाईंनी विचारलं. “चालू करा ताबडतोब!”

आणि इथे प्रमुखांचं बिंग फुटलं. पंप थांबले की मोठी झडप आपोआप बंद होते, आणि ती उघडणारी मोटर कित्येक महिने बिघडलेली होती! म्हणून तर बिचारे पंप कधीच थांबवत नव्हते. तपासणीत नेमकं तेच कोणी करायला सांगू नये म्हणून घाम गाळत होते. आता झडप हातानेच उघडायची. चौथऱ्याच्या मागे तिचं चाक होतं, बैलगाडीच्या चाकाएवढं, लोखंडी. कप्तान फिरवतो तेच!

प्रमुख, पंपवाला आणि पहारेकरी भिडले. चाक हलेना. मी भिडलो. हलेना. बुटके गृहस्थ भिडले. फोन वाजतच होते.

“सरका!” ही म्हणाली. तिने चप्पल भिरकावली, बाह्या वर केल्या आणि चाकाला हात घातला. “एकदम जोर लावून काय होतंय? माझं मशीन अडतं तेव्हा आधी जरा मागे घेते. मागे... आता पुढे! उंच बाई, तुम्हीपण या! नुसत्या काय बघताय?”

उंच बाई निमूट आल्या. मागे, पुढे. मागे, पुढे. करकर असा आवाज झाला आणि चाक हललं! पंपवाला धावत जाऊन एकेक कळ वर करायला लागला. आम्ही फिरवत राहिलो. खोल कुठूनतरी तो आवाज निघाला. आधी नुसता हुंकार, मग घुंऽऽऽ, मग जमीन थरथरायला लागली, घुमटाच्या काचा किणकिणल्या आणि हिरव्या पाइपांमधून पाणी असं धावत गेलं की सगळी इमारत श्वास भरून घेतेय असं वाटलं. माझ्या हातांवर काटा उभा राहिला. सहा माणसांच्या दंडांना एक तहानलेलं शहर लटकलं होतं, आणि ते आम्ही उचललं होतं!

मी हिच्याकडे बघितलं. तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती वर घुमटाकडे बघत होती, तोंड उघडं ठेवून, आणि तिचे डोळे भरून आले होते.

“अहो,” ती म्हणाली, “हे उडतंय!”

मी चाक सोडलं आणि तळहात छातीवर ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगतो. उंच बाईंनी आधी प्रमुखांना झापलं, मग मला झापलं, मग पुन्हा प्रमुखांना. मोटर आठवड्यात दुरुस्त व्हायला हवी असा हुकूम निघाला. मला फाटकाबाहेर काढण्यात आलं. हिला मात्र चहा दिला, चाक धरून फोटो काढला आणि “पुन्हा या” म्हणून सांगितलं.

परतीच्या बसमध्ये ही खिडकीतून रस्त्यावरचे नळ बघत होती. शेवटी मीच घाबरत घाबरत विचारलं, “मग... कपाट?”

“कपाटाला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “सगळे भाग बघायचेत मला. पहिल्यापासून.”

जिंकलो! असं मला वाटलं.

आता रोज रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघं बसतो. कप्तान बोलायला तोंड उघडतो आणि ही ओरडते, “थांबवा! मागे घ्या! माझं चाक दिसलं!” मी मागे घेतो. ती पडद्याला नाक लावून बघते. कित्येक आठवडे झाले, आम्ही अजून दुसऱ्या भागात आहोत. आणि काल, ज्या प्रसंगात कप्तान एकटा, जिवाच्या आकांताने ते चाक फिरवून यान वाचवतो, तो माझा सर्वांत आवडता प्रसंग हिने पाच वेळा मागे घ्यायला लावला आणि म्हणाली, “अहो, हा नुसताच दात-ओठ खातोय! चाक हलतंय कुठे?”

मी पुढे सरकून नीट बघितलं. पुन्हा मागे घेतलं. पुन्हा बघितलं.

इतकी वर्षं बघतोय हो मी. खरंच हलत नाही!