अकरा सेकंदांचा पूर्ण सामना

पत्र सोमवारी आलं आणि त्यात चुकीचं असं काहीच नव्हतं. सिंगापूरच्या 'बेडोक तेरा' या रग्बी लीग संघाने गेल्या चौदा महिन्यांत एकही सामना खेळलेला नाही. तरी महिनाअखेरपर्यंत एक पूर्ण सामना खेळून मैदानाचा वापर सिद्ध करावा, अन्यथा त्या जागी पिकलबॉलची सहा कोर्टं आखण्यात येतील, असं मैदानाच्या व्यवस्थापनाने कळवलं होतं. खाली 'आपला विश्वासू' असंही होतं.

संघाचे संस्थापक कमलाकर देवस्थळी यांनी पत्र दोनदा वाचलं. वय सत्तावन्न, राहणार पासिर रिस, तुआसच्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर. सामना खेळायचा म्हणजे काय? सव्वीस माणसं बोलवायची, तेरा इकडे, तेरा तिकडे, एक चेंडू, एक शिट्टी. या मैदानावर त्यांनी तारुण्य घालवलं होतं आणि दोन दातही. ते मैदान हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी पत्राची घडी घालतानाच ठरवलं.

हा खेळ त्यांना हॅलिडेसाहेबांनी शिकवला. नव्वदच्या दशकात पंचविशीचे देवस्थळी पुण्याहून आले, तेव्हा हॅलिडे त्याच कारखान्यात फोरमन होता. साठच्या दशकात इंग्लंडच्या उत्तरेला तो खाणीतली पाळी संपवून शनिवारी लीग खेळायचा आणि सोमवारी पुन्हा खाणीत उतरायचा. त्याच्या लेखी तोच खेळ खरा. कबड्डी खेळलेली पोरं पाहून त्याला हुरूप आला. त्याची सामग्री म्हणजे एक बादली आणि एक स्पंज. खांदा निखळला, स्पंज. दात पडला, स्पंज. बदली खेळाडू ही कल्पना त्याला बायकी वाटायची. स्क्रममध्ये, म्हणजे डोकी खाली घालून भिडलेल्या घोळक्यात, माणसं खरोखर एकमेकांना रेटत, आणि आत काय चाललंय हे परमेश्वरालाही कळत नसे.

एकदा संघातल्या धैर्यशीलच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला. हॅलिडेने चार बोटं दाखवून विचारलं, किती? धैर्यशील म्हणाला, दोन. "जवळपास आलास," हॅलिडे म्हणाला आणि खेळ सुरू झाला. असं पुढे पाच-सहा वेळा झालं. आज धैर्यशील पासिर रिसलाच राहतो आणि आठवड्यातून दोनदा तरी दुसऱ्याच ब्लॉकच्या लिफ्टने चढून परक्याची बेल वाजवतो. त्या पहिल्या दिवशी "ऊठ रे, काही झालं नाही" असं ओरडणारा आवाज देवस्थळींचाच होता. ते त्यांना फार लागतं. कुणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

त्यामुळे सारंगच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये बैठक भरली, तेव्हा पहिल्या मुद्द्याला त्यांनीच मान डोलावली.

"काका, आता गेम बदललाय," सारंग म्हणाला. सारंग एका बँकेत प्रोग्रॅम मॅनेजर. त्याने पडद्यावर ऑस्ट्रेलियातला आजचा सामना लावला होता. "डोक्याला धक्का लागला की प्लेयर बाहेर. पंधरा मिनिटं असेसमेंट. नो कॉम्प्रोमाइज."

"बरोबर आहे," देवस्थळी म्हणाले. "हे आधीच व्हायला हवं होतं."

विनीताने ही जबाबदारी घेतली. ती मायक्रोबायोलॉजीत पोस्टडॉक करत होती, म्हणजे सभेच्या हिशेबाने डॉक्टरच. तपासणारी व्यक्ती तटस्थ हवी, म्हणून तिने खेळाडूंच्या यादीतलं नाव काढलं. मग दोन्ही संघांचा एकेक प्रतिनिधी तिच्या सोबतीला हवाच. सव्वीसचे तेवीस झाले.

आजच्या खेळात व्हिडिओ रेफरी असतो. पाच कॅमेरे, पाच माणसं, आणि ते सगळं बघणारा सहावा. प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली पट्टी असते. तो किती धावला, किती थांबला, सगळं नोंदलं जातं. त्या आकड्यांना दोघे. पूर्वी टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, अमर्याद चालायचे, आता सहा झाले की चेंडू समोरच्याचा. म्हणून एक टॅकल मोजणारा, दुसरा त्याची मोजणी तपासणारा. कप्तानाला निर्णयावर आक्षेप घेता येतो. आक्षेप ऐकायला तिघांचं मंडळ. कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. आपल्याकडे माणसाला चेंडू नाही दिला तरी चालतं, पद नाही दिलं की तो पुढच्या गणपतीला दिसत नाही. शिवाय 'मॅच डे इंटेग्रिटी लीड' असं प्रोफाइलवर लिहिलं की पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या, अर्जाला वजन येतं, अशी बातमी कुठूनशी पसरली होती. ती खरी आहे का, हे तपासण्याचं पद मात्र कुणी मागितलं नाही.

"दहा उरले," देवस्थळी म्हणाले.

"परफेक्ट," सारंग म्हणाला. "मॉडर्न गेममध्ये बेंचवर चार लागतात. चार दुणे आठ."

आठ जण राखीव बाकावर गेले. मैदानासाठी देवस्थळी आणि त्यांची मुलगी ऋग्वेदा असे दोघे उरले. एक 'अ' संघ, एक 'ब' संघ. ऋग्वेदा विद्यापीठाच्या संघातून खेळायची. ती म्हणाली, "बाबा, like that how to play? You say something lah."

देवस्थळी काहीतरी बोलणारही होते. पण तेवढ्यात सारंगने जोखीम-तक्त्याचा विषय काढला आणि तीस वर्षांची क्वालिटी अंगात आली. कोरा तक्ता दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनी स्वतःच तो भरला. टॅकल: तीव्रता पाच, शक्यता पाच, गुणाकार पंचवीस, रंग लाल. तुआसला लाल रंग आला की मशीन बंद. उपाय म्हणून त्यांनी लिहिलं, 'टॅकल करण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्यास लेखी पूर्वसूचना द्यावी व पोच घ्यावी.' खाली सही केली. घरी आल्यावर ऋग्वेदाने तो कागद वाचला आणि ताट उचलून आपल्या खोलीत जेवायला गेली.

शनिवारी चार वाजता मैदानावर सगळे हजर होते. गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब्लेट. असा देखणा सामना बेडोकने पाहिला नसेल. स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, पदाधिकाऱ्यांचा परिचय झाला. धैर्यशीलचा जुना खेळाडू म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

"कमळ्या, खेळ कधी सुरू होणार?" त्याने विचारलं.

"होईल रे."

सारंगचं 'खेळाचा बदलता प्रवास' या विषयावर भाषण झालं. धैर्यशीलने पुन्हा तेच विचारलं. पाच वाजता तिसऱ्यांदा विचारलं. विनीताने हळहळून शेजारणीला सांगितलं, "बघ ना, तेच तेच विचारतात बिचारे. फार वाईट असतं हे."

पाच दहाला वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा झाला आणि सगळे छपराखाली गेले. पावणेसहाला इशारा उठला. नाणेफेक झाली. 'ब' संघाच्या बाकावरून आक्षेप आला की नाणं भारतीय होतं. मंडळाने सहा मिनिटं विचार करून आक्षेप फेटाळला.

पाच बावन्नला शिट्टी वाजली.

देवस्थळींनी चेंडू छातीशी धरला आणि धावले. गुडघा कुरकुरला, पोट हललं, पण ते धावले. गवताचा ओला वास आला. समोरून ऋग्वेदा येत होती, खांदा खाली, नजर कमरेवर, अगदी शास्त्रशुद्ध. तिच्या हातात कसलाही कागद नव्हता. देवस्थळींना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी वळण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही. बापलेक धप्पकन पडली. "हाऽऽ!" धैर्यशील शाल भिरकावून ओरडला. पडल्यापडल्या देवस्थळी हसत होते, आणि ऋग्वेदाही.

तीन शिट्ट्या एकदम वाजल्या. पूर्वसूचना नसल्यामुळे प्रकरण व्हिडिओ रेफरीकडे गेलं. पाचही कॅमेऱ्यांत फक्त सत्काराचं चित्रण होतं. तेवढ्यात विनीता धावत आली.

"काका, आपण कुठे आहोत?"

"बेडोकला, मैदानावर."

"तुमच्या संघाचे किती जण मैदानात आहेत?"

"एक."

विनीताने काळजीने मान हलवली आणि 'गोंधळलेला' या चौकटीत खूण केली. पंधरा मिनिटांची विश्रांती सुरू झाली. सहा वाजता मैदानाची राखून ठेवलेली वेळ संपली.

सारंगने एकशे चाळीस पानांचा अहवाल त्याच दिवशी पाठवला. छायाचित्रं, जोखीम-तक्ता, पदाधिकाऱ्यांची यादी, आणि अभिमानाने जोडलेले उपग्रहाचे आकडे. व्यवस्थापनाचं उत्तर चार दिवसांत आलं. इतकं परिपूर्ण कामकाज आपण आजवर पाहिलं नाही, असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं होतं. मात्र जोडलेल्या आकड्यांनुसार मैदानाचा प्रत्यक्ष वापर अकरा सेकंद झाला असून उर्वरित कार्यक्रमास सभागृह पुरेसं आहे. सभागृहाचा फॉर्म सोबत होता. पिकलबॉलच्या रेषा शुक्रवारपासून मारण्यात येतील.

ग्रुपवर शोककळा पसरली. चारशे संदेश आले. आपली एक हक्काची जागा गेली, असं सगळ्यांनी लिहिलं; त्यात चौदा महिने कधीच न आलेले अधिक होते. गुरुवारी संध्याकाळी देवस्थळी, ऋग्वेदा आणि धैर्यशील चेंडू घेऊन गेले आणि अंधार पडेपर्यंत एकमेकांकडे फेकत राहिले. धैर्यशीलच्या हातून एकदाही सुटला नाही.

सारंगने लगेच 'मैदान बचाव कृती समिती' स्थापन केली. ऑनलाइन यादी खुली आहे. ही हकिकत वाचून ज्यांचा जीव हळहळला असेल, खेळ असा कागदावर मरता कामा नये असं ज्यांना मनापासून वाटलं असेल, त्या वाचकांनी आपलं नाव जरूर नोंदवावं. फक्त आपल्यासारख्या इतर वाचकांच्या उत्साहामुळे अध्यक्ष, सल्लागार, समन्वयक आणि निरीक्षक ही सगळी पदं पहिल्याच तासात भरली आहेत. खेळाडूंच्या चोवीस जागा अजून शिल्लक आहेत.