मोटार सभेत मिळेल

मुरलीनानांकडे दुरुस्तीला दिलेली शेतातली पाण्याची मोटार त्यांच्या दुकानात परत मिळत नाही. ती रविवारी संध्याकाळी आमच्या वक्तृत्व मंडळाच्या सभेत मिळते. शेतकरी बिचारा मोटार न्यायला टेम्पो घेऊन जळगावला पिंप्राळ्यातल्या आमच्या हॉलवर येतो, दारातून आत डोकावतो आणि नाना त्याला हाताला धरून खुर्चीकडे नेतात. "बसा तर खरं," एवढंच म्हणतात.

तो बसला की संपलं. आमच्या मंडळाचा नियम असा, की नव्या माणसाने उभं राहून आपलं नाव, गाव आणि आपल्याला इथे कोणी आणलं ते सांगायचं. मग आणणाऱ्याने उठून त्याच्याविषयी दोन शब्द बोलायचे. नानांचे दोन शब्द पाच मिनिटं चालतात. यावलच्या एका पाटलांची ओळख करून देताना ते म्हणाले, यांची मोटार तीन हॉर्सपॉवरची आहे, पण आवाज पाचाचा आहे, तो वाया जाऊ देऊ नका. पाटील लाजून लाल झाले, पण पुढच्या रविवारी मोटारीचं काही काम नसताना आले.

मी या मंडळाचा सचिव, म्हणजे खुर्च्या मांडणारा. मध्यंतरी सभासद इतके घटले होते की एक जण भाषणाला उठला की श्रोते निम्मे व्हायचे. तेव्हा ठरलं, प्रत्येकाने नवा माणूस आणायचा. आम्ही बाकीच्यांनी पत्रकं वाटली, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहनं टाकली. लोकांनी त्यावर हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि घरी बसून राहिले. नानांनी मात्र सरळ मोटारी अडवल्या. ही तर दमदाटी झाली, असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, घसाही मोटारीसारखाच असतो, फार दिवस बंद ठेवला की जाम होतो.

मला एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. एवढं मोठं जळगाव असताना नानांचा जीव असोद्याच्या गिऱ्हाइकांवर. असोद्याची मोटार ते सगळ्यात आधी उघडणार, चहाही त्यालाच आधी. आणि त्याला हमखास विचारणार, ओंकारभाऊची बाग कशी आहे? उत्तर मिळालं की, मला काय त्याचं, असा चेहरा करून पाना शोधायला लागणार.

ओंकारभाऊ म्हणजे नानांचे सख्खे थोरले भाऊ, गावी असोद्याला केळीची बाग सांभाळणारे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं, अबोला पडला आणि नानांनी जळगावात दुकान थाटलं. ओंकारभाऊही इतके हट्टी, की सख्खा भाऊ मोटारी दुरुस्त करत असताना आपली मोटार त्याच्या दुकानासमोरून थेट धुळ्याला नेणार. वर दुकानाशी आल्यावर टेम्पोवाल्याला हॉर्न वाजवायला लावणार. हे नाना स्वतःच सांगतात आणि सांगताना हसतात. सगळ्या तालुक्याला बोलतं करणाऱ्या माणसाशी त्याचा भाऊच बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

यंदा मे महिन्यात असोद्याचे भागवतराव एक जळालेली मोटार घेऊन दुकानात आले. ते आमचे जुने सभासद, नानांनीच पकडून आणलेले. मोटार माझीच आहे, म्हणाले. नानांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती त्यांनीच कधीकाळी आपल्या हातांनी विहिरीत सोडली होती, ते तिला ओळखणार नाहीत तर कोण? मग भागवतरावांनी कबूल केलं. ओंकारभाऊंनी ती धुळ्याला न्यायला दिली होती आणि यांनी ती परस्पर इथे उतरवली होती.

नाना म्हणाले, "मालकाला सांगा, रविवारी सभेत मिळेल."

मी तिथेच होतो. मला रागच आला. रस्त्यावरचं डांबर मऊ पडावं असं ऊन, त्यात केळीला पाणी नाही मिळालं तर उभी बाग करपायची. चेष्टा माणसांची करावी, केळीची करू नये, असं मी नानांना सुनावलं. ते "बसा तर खरं" म्हणाले आणि त्यांनी मला चहा दिला. तो मी रागारागाने प्यायलो.

रविवारी नानांनी मोटार झाडूनपुसून माइकशेजारी ठेवली आणि स्वतः दाराकडे तोंड करून बसले. दोन भाषणं झाली, त्यातला एक शब्द त्यांच्या कानात शिरला नसेल. तिसरं चालू असताना ओंकारभाऊ दारात दिसले. पांढरी टोपी, हातात पिशवी आणि चेहरा भांडायला आल्यासारखा. नाना जागचे हललेच नाहीत. शेवटी भागवतरावांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन टेकले.

बागेचं काय झालं, मी हळूच विचारलं. बागेला काय धाड भरलीय, भागवतराव म्हणाले. नानांनी त्याच दिवशी दुकानातली दुसरी मोटार भागवतरावांबरोबर पाठवली होती आणि त्यांनी ती ओंकारभाऊंच्या विहिरीत बसवूनही दिली होती. तिच्यावर नानांच्या दुकानाचं नाव रंगवलेलं आहे. ओंकारभाऊंनी ते वाचलं आणि बटण दाबलं.

म्हणजे बागेत पाणी चालू होतं. ओंकारभाऊंना इथवर येण्याची काही गरजच नव्हती.

अध्यक्षांनी नियमाप्रमाणे नव्या पाहुण्यांना उभं राहायला सांगितलं. ओंकारभाऊ पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठले. नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबले. मग त्या मोटारीकडे पाहत ते म्हणाले, "मले अठी माह्या धाकल्या भावानं आनलं."

आता नानांनी उठून दोन शब्द बोलायचे होते. आम्ही पाच मिनिटांच्या तयारीने बसलो. नाना उठले, घसा खाकरला, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मंडळातल्या सगळ्यात बोलक्या माणसाला शब्द सापडेना. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले. नाना खुर्च्यांमधून वाट काढत भावापाशी गेले आणि त्यांनी त्याच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

"बस तर खरं, भाऊ," ते म्हणाले.

ओंकारभाऊ बसले. शेजारी नाना बसले. पिशवीत बागेतली केळी होती, ती सभा संपल्यावर सगळ्यांना वाटली गेली. मग दोघं भाऊ बोलत बोलत बाहेर पडले आणि मोटार तिथेच हॉलमध्ये विसरून गेले.